शून्यावर आलेला काटा

प्रयोगशाळेत दाबाचं यंत्र चालवणाऱ्या काकूंनी त्या दिवशी दोन सेंद्रिय द्रवांच्या मिश्रणावरचा दाब सोडायला घेतला. दाबमापकाचा काटा आठशे बारवरून झर्रकन शून्यावर आला. काम झालं असं समजून त्यांच्या फिटर नवऱ्याने नळीच्या नटाला पाना लावला. इतक्या लवकर दाब उतरतोच कसा, असं काकूंच्या मनात आलं.

"अहो, हात काढा," त्या म्हणाल्या. "दाबाखाली हे भर उन्हाळ्यातही गोठतं. नळीत गोठलेल्या द्रवाचं बूच बसलंय. दाब आतच आहे, काट्यापर्यंत पोचत नाहीये."

त्याने पाना काढून घेतला. काकूंनी दाब सोडायची झडप बंद केली आणि नळीवर कोमट पाण्याचं फडकं टाकलं. बूच वितळताच काटा थेट सातशेवर गेला.

घरी पोचेपर्यंत काकूंनी नवऱ्याचा हात सोडला नाही.