बचावफळीतला मिस्टर

रेन्झो माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या पोटाकडे पाहायचा. पहिल्या भेटीत मला वाटलं, माझ्या शर्टावर आमटी सांडली असावी. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि आखातात, सलमानियातल्या हॉस्पिटलात मी पुण्याहून फिजिओथेरपिस्ट म्हणून नुकताच रुजू झालो होतो. पंचेचाळिशीचा हा उंच, रापलेला इटालियन एका लंगडणाऱ्या पोराला घेऊन आला. मी टेबलाला वळसा घालून पुढे येईपर्यंत त्याची नजर माझ्या पट्ट्याच्या बकलावर होती. मग म्हणाला, "तू उजवीकडून येणार, हे मला आधीच कळलं होतं."

जुफैरच्या बाजूला एक छोटा फुटबॉल क्लब होता. तिथल्या मुलांना तो शिकवायचा. मुलं त्याला नुसतं 'मिस्टर' म्हणत. इटलीत प्रशिक्षकाला तसंच म्हणतात, असं त्यानंच त्यांना सांगितलं होतं. मोडक्या इंग्रजीत अरबी मिसळून तो बोलायचा. "पाय फसवतात, डोळे फसवतात. पोट फसवत नाही. पोट जिथे, माणूस तिथे." मैदान वाळूचं. घसरत जाऊन चेंडू काढणाऱ्या बॅकची, म्हणजे बचावपटूची, मांडी सोलून निघायची, पण मिस्टरला दया यायची नाही. "बॅक खाली पडला म्हणजे तो उशिरा पोचला. चांगल्या बॅकची चड्डी धुवावी लागत नाही."

मी क्रिकेटवाला. फुटबॉलमध्ये गोल न करणाऱ्याला काय मजा येत असेल, हेच मला कळेना. त्या कुतूहलापोटी ड्यूटी संपली की मी मैदानावर जाऊ लागलो. मुलांच्या घोट्यांना पट्ट्या बांधता बांधता त्यांचा 'डॉक्टर'ही झालो.

मिस्टरच्या घरात त्याच्या खेळण्याच्या दिवसांचा एकही फोटो नव्हता. विचारलं तर कॉफी उकळेपर्यंत थोडंसं सांगायचा. बाप उत्तर इटलीत ट्रामवर कंडक्टर. हा सतराव्या वर्षी गावच्या संघात, मग दुसऱ्या श्रेणीत, आणि जेमतेम दीड मोसम सगळ्यात वरच्या श्रेणीत.

"चांगले खेळायचात का?" मी विचारलं.

"लोकांना माझं नाव आठवायचं नाही. बॅकसाठी हे चांगलं."

"मग तिशीच्या आतच का थांबलात?"

"खलास," असं म्हणून तो कप विसळायला उठला.

त्याचं उत्तर मला ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात मिळालं. युसुफ हा त्याचा सर्वांत आवडता बॅक. सोळा वर्षांचा, टॅक्सीवाल्याचा मुलगा. मुलांच्या स्पर्धेत क्लब अंतिम सामन्यात पोचला होता, आणि देशाच्या ज्युनिअर संघासाठी खेळाडू निवडणारे तो सामना बघायला येणार होते. नेमका त्याच आठवड्यात युसुफचा गुडघा सुजला. मी तपासला. आतला अस्थिबंध दुखावला होता. विश्रांतीशिवाय दुसरा उपाय नव्हता.

क्लबच्या सेक्रेटरीनं सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. "एक इंजेक्शन देऊ. नव्वद मिनिटांचा तर प्रश्न आहे. नंतर आराम करेल, इंशाल्ला."

युसुफ म्हणाला, "मला दुखत नाही." त्याचे वडील मिस्टरकडे वळले. "अशी संधी आमच्या घरात पुन्हा येणार नाही. खेळू द्या त्याला."

मिस्टरनं पँटचा उजवा पाय गुडघ्याच्या वर गुंडाळला, त्या टॅक्सीवाल्याचा हात धरून गुडघ्यावर ठेवला आणि पाय सावकाश वाकवला. आतून वाळू दळल्यासारखा आवाज आला. वडिलांनी हात मागे घेतला.

"यात किती सुया गेल्या, मला आठवत नाही," मिस्टर म्हणाला. "दर वेळी मॅच मोठी होती."

सेक्रेटरी म्हणाला, "म्हणजे तू ऐकणार नाहीस?"

"मी मिस्टर असेपर्यंत नाही."

युसुफविना संघ हरला. मोसम संपल्यावर क्लबनं मिस्टरचा करार वाढवला नाही, आणि करार नाही म्हणजे व्हिसाही नाही. तो जायला निघाला त्या संध्याकाळी मुलं त्याच्या दारात गोळा झाली. युसुफ आला नाही. मला वाईट वाटलं, तसं मी बोलूनही दाखवलं.

सूटकेसचे पट्टे आवळत मिस्टर म्हणाला, "सोळा वर्षांचा आहे. त्याला माझा राग यायलाच हवा. आला नसता, तर तो खेळाडूच नव्हता."

त्यानंतर त्याची काहीच खबर आली नाही. युसुफ पुढे बरीच वर्षं क्लबकडून खेळला. देशाच्या संघाचं बोलावणं मात्र त्याला कधीच आलं नाही.

पुढे एकदा तो हॉस्पिटलात भेटला. वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तो त्यांना घरी न्यायला आला होता. आता अंगानं भरला होता. मी न विचारताच म्हणाला, "डॉक्टर, त्या दिवशी मी खेळू शकलो असतो."

"खेळला असतास," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"मिस्टर कुठे असतो?"

"माहीत नाही."

खालच्या दारात व्हीलचेअर थांबली. पुढे चार पायऱ्या होत्या, उतार लांबच्या बाजूला. मी वॉर्डबॉयला हाक मारणार, तेवढ्यात युसुफनं वाकून वडिलांना दोन्ही हातांवर उचललं. म्हाताऱ्यानं त्याच्या गळ्यात हात टाकला. आणि युसुफ त्यांना घेऊन, न लंगडता, पायऱ्या उतरून टॅक्सीपर्यंत चालत गेला.