लांब मानेचा बास

१४ जून, सुरत. बास गिटारच्या चारही तारा सैल केल्या, पोट कोरड्या फडक्याने पुसलं आणि आता पिशवीत भरते आहे. उद्या दुकानात बदलायला न्यायचा आहे.

वडिलांना, म्हणजे नानांना, पुरुषोत्तमनगरहून, साखर कारखान्याशेजारच्या वसाहतीतून, इकडे आणलं तेव्हा कारखान्याचं गाळप जोरात होतं. आई नुकतीच गेली होती. जीप दारात उभी, काका सामान चढवत होते आणि नाना मागच्या भिंतीला तळहात लावून उभे. मला वाटलं, घराचा निरोप घेताहेत, म्हणून घाई केली नाही. जीपमध्ये बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "चालू शे."

जन्मभर कारखान्याच्या मिलमध्ये फिटर. कान तिथेच गेलेले. कारखाना चालू आहे की नाही, हे ते घराच्या भिंतीला हात लावून, तिच्या थरथरीवरून ओळखत. काका म्हणाले, "नाना, आते ड्युटी सरनी. आराम करा." नानांना ऐकू गेलं नाही. गेलं असतं तरी पटलं नसतं.

तिकडे वसाहतीत राहिलेल्या तुम्हा लोकांना हे सांगायला नको. हंगामात मिलची घरघर रात्रंदिवस असते, आणि गाळप संपून मिल थांबली की सुरुवातीला वसाहतीत कुणाला धड झोप लागत नाही. आम्ही निघून आलेले मात्र हे विसरतो. सुरतेत नाना झोपेनात, तेव्हा मी डॉक्टर बदलला, गादी बदलली, आईचा फोटो खाटेसमोरून काढून हॉलमध्ये लावला. खाली रस्त्यावर टेम्पोंची रांग, वरच्या मजल्यावर ड्रिल, आणि नाना विचारत, "बाई, आठे समदं बंद काब्र शे?" इथे सगळं बंद का, म्हणून.

मी सोसायटीच्या गरबा मंडळात बास वाजवते. मंडळाचा बास इलेक्ट्रिक. घरी सरावाला ॲम्प्लिफायर लावला की खालच्या मजल्यावरच्या बेन वर येत. म्हणून अकूस्टिक बास घ्यायचं ठरवलं. त्याचं पोटच मोठं असतं, आवाज खोलीपुरता भरतो, वीज लागत नाही. नानांनाही दुकानात सोबत नेलं.

मी मनात आखूड मानेचा नक्की केला होता, माझी बोटं तेवढीच पोचतात. दुकानदार एकेक वाजवून दाखवत होता. नाना उठले आणि चालत्या बेअरिंगवर ठेवावा तसा प्रत्येकाच्या पाठीवर तळहात ठेवत गेले. दुकानदार हसला, "काका, ताव जुओ छो?" ताप बघताय का, म्हणून. माझ्या आखूड बासला नानांनी नापास केलं, "हाऊ त रडस." मग सगळ्यात लांब मानेच्या बासची जाड तार वाजली आणि त्यांचा हात तिथून हलेना.

"बाई, हाऊच ली ले."

"नाना, मन्हा हात पुरत नही," मी ओरडून सांगितलं.

"वाढी जाई," ते म्हणाले. पंचेचाळिशी ओलांडलेल्या मुलीला!

घेतला. रोज दुपारी जेवणानंतर बासची पाठ खाटेच्या कडेला टेकवायची आणि जाड तार एका लयीत वाजवत बसायचं. नाना लाकडावर हात ठेवून झोपू लागले. त्याला सराव म्हणता येत नाही. गरब्याची एकही चाल बसली नाही, करंगळी दुखे, मनगट सुजे. हात थांबला की नाना डोळे उघडत, "बंद पडनं का?" की पुन्हा सुरू.

उन्हाळ्यात ते गेले. मी खाली भाजी आणायला उतरले होते. बास भिंतीशी उभा होता. त्या वेळी घरात काही चालू नव्हतं.

परवा काकांचा फोन आला, "घर भाडे देऊत का, बाई? का तू येशी?" द्या म्हटलं. तुमच्यापैकी काहींना हे आवडणार नाही, पण रिकामं घर उन्हात सुकवून काय करायचं? माझ्या लेखी घर म्हणजे ती घरघर होती. तिकडे ती दर हंगामात सुरू होईल, आमच्यापैकी कुणी असो नसो. इकडे ती मी एका माणसापुरती चालवत होते. आता तो माणूस नाही. मंडळाला नवरात्रात वाजवणारी हवी आहे, आणि या बासवर माझं मनगट टिकत नाही.

१५ जून. सकाळी दुकान उघडताच गेले. दुकानदाराने तारा ताणल्या, जाड तार छेडली, ऐकली, पुन्हा छेडली.

"बेन, आमां तो कंई खराबी नथी."

"खराबी नाहीच," मी म्हणाले. "तो वडिलांच्या मापाचा होता. तो आखूड मानेचा काढा."