नकाशातला चहाचा कप

मी मॅनेजर होतो त्या डाळ मिलचा आवक-जावक कारकून कानामागची पेन्सिल चाचपूनच बोलायचा. मिलच्या कामकाजाचा नकाशा काढताना मंजुरी चौकटीत दाखवावी की शंकरपाळ्यात, यावर दोन सल्लागार प्रमाण चिन्हांची पुस्तकं उघडून तासभर भांडले. यानं पेन्सिलीनं नकाशाच्या मध्येच चहाचा कप काढला.

"हे कोणत्या प्रमाणातलं चिन्ह?" एका सल्लागारानं विचारलं.

"ते माले माहीत नई, साहेब. पन फाइल आठेच थांबस," त्यानं कपावर बोट ठेवलं.

सगळे हसले. मी कप खोडला, फायलींना होणाऱ्या उशिराचा ठपका त्याच्यावर ठेवला आणि त्याला धुळ्याच्या गोदामात धाडलं.

जाताना म्हणाला, "साहेब, चहा पी ल्या, थंडा व्हई जाई."

नकाशातला तो कप माझ्याच टेबलावरचा होता.