चार स्पीकर आणि बाबांचा उजवा कान

माझं यंत्रांशी वैर नाही, पण त्यांचं माझ्याशी आहे, हे त्या दिवाळीच्या सुट्टीत मला पक्कं कळलं. चार दिवसांसाठी गावी गेलो होतो. त्यातले तीन दिवस एका जुन्या होम थिएटरच्या रिसिव्हरमागे डोकं खुपसून काढले. काम तसं एवढंसंच होतं. लॅपटॉपमध्ये अर्ध्या तासाचं एक रेकॉर्डिंग होतं, ते मोठ्या स्पीकरवर बाबांना ऐकवायचं होतं.

ते रेकॉर्डिंग आमच्या जुन्या गावातल्या शेवटच्या मंडईचं, म्हणजे दिवाळीच्या सुमारास भरणाऱ्या जत्रेचं. पुढे गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं, गाव उठलं आणि आम्ही पवनीच्या बाजूला पुनर्वसनाच्या प्लॉटांवर येऊन पडलो. त्या मंडईत दंडार झाली होती, आमच्याकडचं रात्रभर चालणारं गाण्या-सोंगांचं नाट्य. बाबा पेटीवर आणि माझे काका, बाबांचे धाकटे भाऊ, लुगडं नेसून बाईच्या पार्टात. काका गायचे म्हणजे अख्खं गाव बिड्या विझवून ऐकायचं. शाळेतल्या एका गुरुजींनी ते टेप करून ठेवलं होतं. कॅसेट हाती लागल्यावर मी नागपूरच्या एका दुकानात देऊन ती लॅपटॉपमध्ये उतरवून घेतली.

काका त्या दिवाळीआधीच्या आषाढात गेले. त्याआधी दोन वर्षं दोघा भावांचं बोलणं बंद होतं. कारण सांगायलाही लाज वाटते. दोन घरांच्या मधे दोन हाताची बोळ आहे, तिच्यातून मोरीचं पाणी कोणाच्या बाजूनं जायचं, यावरून. बाबा मातीला गेले, तेरवीला मांडवात बसले, दोन घास खाऊन परत आले. काकांच्या घरात पाऊल टाकलं नाही.

बाबांचा डावा कान कधीच कामातून गेला होता आणि उजवाही त्याच वाटेवर होता. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की फार तर वर्षभर. कानाचं मशीन घेऊन दिलं होतं, ते शिट्टी मारतं म्हणून त्यांनी पानाच्या डब्यात टाकून दिलं. लॅपटॉपचा चिरका आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. हेडफोन लावून पाहिले, तर दोन मिनिटांत काढून फेकले.

"कानात काय घुसवून राहिला? माशी शिरल्यावानी वाटते. मले घरात आवाज पायजे, मोठा. कान हाय तोवर त्याले एकडाव आयकू दे. मंग गेला तं गेला कान."

इतकं सरळ मागणं बाबांनी माझ्याकडे आयुष्यात पहिल्यांदा केलं होतं. त्यामुळे मी इरेला पेटलो.

रिसिव्हर घरात होताच. दोघा भावांचं गूळपीठ होतं तेव्हा काकांनी हौसेनं आणवलेला, भला थोरला, काळा. टीव्हीखाली पडून होता आणि वर्षानुवर्षं त्याच्यावर नुसत्या औषधाच्या बाटल्या उभ्या होत्या. मागे वळवून पाहिला तर भोकंच भोकं. मी पवनीला जाऊन एक वायर आणली, दोन्हीकडे हेडफोनसारखी पिन असलेली. घरी येऊन पाहतो तर रिसिव्हरला तसलं भोकच नाही. त्याला लाल आणि पांढरं पाहिजे. परत पवनी. दुकानदार म्हणाला, "मंग तसं सांगाचं ना सायेब! एचडीएमआय घेऊन जा, एकदम बढिया." मी तीही घेतली, कारण तो फार खात्रीनं बोलत होता. तीही बसेना. रिसिव्हर त्या जमान्यातला नव्हताच. तिसऱ्या खेपेला एका बाजूला एक पिन आणि दुसऱ्या बाजूला लाल-पांढरी शेपटी अशी वायर मिळाली. तोवर पहिल्या दिवसाची दुपार टळली होती आणि बायको मला करंजी खाता का, हे विचारायचंही सोडून बसली होती.

संध्याकाळी सगळं जोडलं आणि स्पीकरांतून जे निघालं तो गुरगुराट होता. बाबांनासुद्धा ऐकू गेला. त्यांचा चेहरा उजळला.

"सुरू झाला काय?"

"नाही बाबा. ही घरघर आहे."

त्यांनी मान खाली घातली. मला स्वतःचाच राग आला. तासाभरानं कळलं की लॅपटॉपचा चार्जर काढला की घरघर थांबते. घराला अर्थिंगच नव्हतं. वायरिंग करणाऱ्यानं तीन भोकांचे सॉकेट बसवले होते आणि तिसऱ्या भोकात नुसती हवा. त्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या, चार्जर उपटला आणि बॅटरीवर रेकॉर्डिंग लावलं.

घरघर गेली. आवाजही गेला. राहिली फक्त जुन्या कॅसेटची सूं... अशी बारीक सळसळ. पडद्यावर रेषा नाचत होत्या, म्हणजे लॅपटॉप गात होता. रिसिव्हरवर दिवा होता. पण पेटी नाही, ढोलकी नाही, काका नाहीत.

मग मी तपासून पाहायला सिनेमाचं एक गाणं लावलं, आणि माझं डोकंच फिरलं. व्हायोलिनं छान वाजत होती, बासरी येत होती, फक्त गाणारी बाई गायब! तिला कोणीतरी उचलून नेल्यासारखी. मी रिमोटवरचं प्रत्येक बटण दाबलं. कोणत्या बटणानं काय होतं हे समजण्यापलीकडे गेलो होतो. वायर काढली, पुसली, फुंकली, घातली. रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावायचं, पाच मिनिटं सळसळ ऐकायची, बंद करायचं. परत पहिल्यापासून. दुसरा दिवसही असाच गेला. बाहेर मोकळ्या जागेत हलक्या धानाचं मळणीयंत्र दिवसभर घरघरत होतं, कुठून तरी ढोलकी ऐकू येत होती. मंडईचे दिवस, आजूबाजूच्या प्रत्येक गावात दंडार. साऱ्या जगाची दंडार वाजत होती, फक्त आमची मुकी होती.

बाबा खुर्ची ओढून उजवा कान स्पीकरकडे करून बसले होते. दर थोड्या वेळानं माझ्याकडे बघायचे.

"कोणता तरी स्पीकर बिघडला असेल," मी त्यांच्या कानाशी ओरडलो. "किती आहेत सगळे?"

"चार."

"नक्की?"

"आपले चारच हायत ना बापा. मोज."

मी मोजले. दोन टीव्हीच्या बाजूला, दोन मागच्या भिंतीवर. चारही चालू होते, चारही सळसळत होते. आता बोला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी हात टेकले. उद्या निघायचं होतं. म्हटलं, सगळ्या वायरी काढून रिसिव्हर गाडीत टाकावा आणि भंडाऱ्यात कोणाला तरी दाखवावा. एकेक वायर सोडवत गेलो. दोन डाव्या-उजव्या, दोन मागच्या. आणि तरीही एक शिल्लक राहिली. मधल्या भोकातून निघालेली लाल-काळी वायर कपाटामागे गेली होती. कपाट सरकवलं तर ती भिंतीतल्या भोकात शिरली होती. बाहेर जाऊन बोळीत डोकावलो. आमच्या भिंतीतून निघून, मोरीच्या पाण्यावरून, ती काकांच्या भिंतीत गेली होती.

मी तणतणत आत आलो. "बाबा, ही वायर कशाची?"

त्यांनी एक नजर टाकली. "ते? ते त्याच्या हिश्शाच्या डब्ब्याची."

"कोणाच्या?"

"त्याच्या! वाटणी झाली तवा मशीन आपल्याकडे आली ना. तं त्यानं म्हटलं, एक डब्बा माह्या घरात वाजलाच पायजे. मंग मधलाच देऊन टाकला. बारका होता."

"तीन दिवस झाले बाबा! मी विचारलं ना, किती स्पीकर आहेत म्हणून?"

"तू आपले इचारले," बाबा शांतपणे म्हणाले. "पाचवा आपला कुठं हाय?"

मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं हे कळेना. गाणं-बोलणं ज्या स्पीकरमधून यायचं तो मधला स्पीकर आणि नेमका तोच यांनी वाटणीत देऊन टाकला होता! घरघर घालवताना माझ्या हातून रिमोटवर कुठलं तरी बटण दाबलं गेलं असणार आणि रिसिव्हरनं सिनेमातल्या बाईचा आवाज, आणि एका माईकवर टेप केलेली दंडार तर सगळीच्या सगळी, इमानेइतबारे मधल्याकडे पाठवली होती. लॅपटॉप, वायर, रिसिव्हर, सगळं ठणठणीत होतं. तीन दिवस दंडार वाजत होती, पण बोळीच्या पलीकडे, काकूच्या घरात. आणि ती ढोलकी म्हणजे दुसऱ्या कुठल्या गावची नव्हतीच.

वायरी परत खोचल्या, पहिल्यापासून ऐकायचा वीट आला होता म्हणून रेकॉर्डिंग शेवटच्या गाण्यापासून लावलं आणि तो स्पीकर मागून आणायला निघालो. डोकं तापलेलंच होतं. मनात होतं, वस्तू उचलायची, दोन शब्दांत काम सांगायचं आणि परत यायचं. बाबांना म्हटलं, आलोच. ते काही न विचारता चप्पल घालून माझ्यामागे निघाले, पण काकूच्या दारापाशी येऊन उंबऱ्याबाहेर थांबले.

आत काकू खाली बसून सुपात लाखोळीची डाळ निवडत होती. समोर स्टुलावर तो डबा होता, त्याखाली विणलेला रुमाल. डब्यातून पेटी वाजत होती, आणि पेटीवर काका. जाडजूड देहाच्या माणसाचा तो बारीक, लाडिक बायकी आवाज, मधेच हसू दाबलेला. मी काय बोलायला आलो होतो ते विसरलो.

काकूनं वर पाहिलं. "ये. आज उशिरा लावला काहून?"

"काकू, तुम्ही... हे ऐकत होता?"

"तीन दिसापासून आयकून राहिली ना बापा. पयलेच दिसी डब्बा एकदम बोलाले लागला तं दचकली. मंग म्हटलं, भासऱ्यायनं लावला असन माह्यासाठी. ते तं माह्यासंग बोलू नाही शकत." तिनं पदराच्या शेवानं नाक पुसलं. "मधीच बंद करत, मंग पयलेपासून लावत. म्या म्हटलं, त्यायले एका दमानं आयकवत नसन."

आमच्याकडे नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. धाकट्याच्या बायकोनं त्याच्याशी तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही, समोर आला तर पदर घेऊन भिंतीकडे वळायचं. काकू लग्न होऊन आली तेव्हापासून बाबांशी एक शब्द सरळ बोलली नव्हती. निरोप असायचे, ते आम्ही पोरं इकडून तिकडे न्यायचो. भांडण झाल्यावर तेही थांबले. आणि आता तिच्या लेखी तीन दिवस भासऱ्यानं निरोप पाठवला होता. खरं काय ते सांगायचं म्हणजे सांगावं लागणार होतं, की काकू, तो माझ्या अडाणीपणाचा आवाज होता. तुमच्यासाठी नव्हताच. डबा द्या.

मी नाही सांगितलं. स्वतःवर चरफडत तसाच उभा राहिलो.

तेवढ्यात काकूला उंबऱ्याबाहेरचे पाय दिसले. तिनं चटकन पदर ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि हलक्या आवाजात मला म्हणाली, "तुह्या बाबाले सांग, अंदर येऊन बसा म्हनाव."

मी मागे वळून सांगितलं. बाबांना काहीच कळलं नाही. त्यांचा कान डब्याकडे ओढ घेत होता आणि दारातून त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. ते हाताचा पंजा कानामागे धरून, मान वाकडी करून, उंबऱ्याला पाय न लावता आत झुकले होते. मी दुसऱ्यांदा सांगितलं. ते म्हणाले, "आँ?" मी तिसऱ्यांदा ओरडायला तोंड उघडलं, पण काकांच्या गाण्यावर ओरडवेना. आत काका कडव्याच्या शेवटाला आले होते. रेकॉर्डिंग संपत आलं होतं.

काकूनं सूप बाजूला सारलं. भिंतीकडचं तोंड तिनं वळवलं नाही, डोक्यावरचा पदरही ढळू दिला नाही. पण सगळ्या बोळीला ऐकू जाईल अशा आवाजात, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, ती आमच्या बाबांना म्हणाली, "अंदर या ना जी! संपून राहिला तो!"

बाबांना ऐकू गेलं. त्यांनी चपला काढल्या.