माझ्या मांडीवरचं बाळ

परवा चर्चमध्ये पुढच्या बाकावरून बाळाच्या पावडरीचा वास आला आणि मला माझ्या माहेरच्या, धाड गावातल्या लहानशा चर्चमधली ती सकाळ आठवली.

लग्नाच्या वर्षातच माझा नवरा जीपच्या अपघातात गेला होता. सासूनं मला पांढऱ्या पायाची ठरवलं आणि मलाही ते खरं वाटू लागलं. माहेरी परतल्यापासून चर्चमध्ये मी मागे भिंतीशी बसायचे. त्या दिवशी माझी मैत्रीण सुनीता हिच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. तिनं बाळ सरळ माझ्यापुढे धरलं.

"माह्याजवळ नको देऊ. माह्यानं वाईट होते," मी मान खाली घालून म्हणाले.

"हे कोनं सांगतलं तुले? देवानं, का सासूनं?"

सगळे बघत होते, शरमेनं माझे कान तापले. तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि ती पाळकांशी बोलायला गेली. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. मनात सासूचा आवाज उठला की येशूचं नाव घेत होते. बाळ गाढ झोपून गेलं.

आज मला लाज वाटते ती एवढ्याचीच, की रोज देवाची प्रार्थना करूनही मी विश्वास मात्र सासूच्या बोलण्यावर ठेवला होता.