हातानं फाडलेलं कापड

अन्याय झाला तो हुबळीच्या पेठेतल्या कापडवाल्या अण्णांवर. १९३०च्या भाद्रपदात, सोमवारी भरदुपारी. मी फौजदारकी सोडली, तरी ती दुपार माझी पाठ सोडत नाही.

दुकान तीन पिढ्यांचं. आजोबा गाठोडं खांद्यावर घेऊन खेडोपाडी फिरले, वडिलांनी पेठेत गादी घातली. स्वदेशीची चळवळ आली तेव्हा अण्णांनी आपणहून विलायती कापडाचे गठ्ठे बहिष्कार समितीकडून मोहोरबंद करून घेतले.

त्या दिवशी खबऱ्या ठाण्यात आला. "एका गठ्ठ्याची मोहोर फुटलीय. लोक जमलेत, दगड पडणार."

जाऊन बघतो तर दुकानाच्या दारावर शेण! पुढं झेंडा घेतलेला एक तरुण ओरडत होता, "विलायती विकणारा द्रोही!" दंगा नको म्हणून पंचनामा करून अण्णांना आणि फुटल्या गठ्ठ्याला ठाण्यात आणलं.

"कुणाला विकलं?"

"विकलं नाही, साहेब."

हवालदार हसला. "मग उंदरानं नेलं काय, अण्णा?"

"उंदीर असता तर तुम्हाला हप्ता देऊन गेला असता."

मी फुटल्या गठ्ठ्यातला पांढरा तागा उलगडला. टोक कात्रीनं कापलेलं नव्हतं, हातानं फाडलेलं होतं. मर्तिकाच्या कापडाला पेठेत कात्री लावत नाहीत. त्याचे पैसे घेत नाहीत, कुणाच्या घरी गेलं तेही बोलत नाहीत.

"अण्णा, कोण वारलं?"

"गरिबाघरचं माणूस. स्वदेशी पांढरं संपलं होतं. दारात आलेल्याला परत लावू काय? नाव विचारू नका."

"दुकान बुडेल."

"बुडू दे. मेलेल्याची अब्रू विकून चालवू काय?"

जमाव मागोमाग आला होता, ठाण्याबाहेर घोषणा चालूच होत्या. रेटारेटीत त्या झेंडेवाल्याची टोपी पडली. डोकं ताजं भादरलेलं! त्याला बाजूला घेतलं.

"वडील गेले ना? कापड कुठून आणलं?"

तो घाईनं टोपी घालत म्हणाला, "साहेब, पाया पडतो. चळवळीत तोंड दाखवता येणार नाही."

गुन्हा नव्हताच. अण्णांना सोडलं. कापड मर्तिकाला गेलं, एवढं मी जमावाला सांगितलं. "साक्षीदार कोण, तर पोलीस!" म्हणून लोक हसले. त्या पोराचं नाव सांगू नका, असं सुटताना अण्णांनी बजावलं होतं. गिऱ्हाईक तुटलं, वर्षात दुकानाला फळ्या लागल्या, अण्णा खचले आणि त्यातच वारले. झेंडेवाला आज सभा गाजवतो.

गुन्हा नाही, एवढंच ठाणं सांगू शकतं. माणूस निर्दोष आहे, हे लोकांनी म्हणावं लागतं. ते हुबळीनं अजून म्हटलेलं नाही.

अण्णांची बायको इथंच हुबळीत, केशवापुरात राहते. त्या जमावात तुम्ही होता? मग उद्या दिवसाढवळ्या तिच्या दारात जा आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणा: अण्णांनी विकलं नव्हतं.