बाबाने बोट ठेवलेली ओळ

कप गडग्यात होता. पावसजवळच्या त्या आंब्याच्या बागेत आम्हा विद्यार्थ्यांना चहा आला तो ट्रेमधून, काचेच्या ग्लासांत. तिथे कामावर असलेल्या माझ्या बापाने गडग्याच्या फटीत हात घातला, कान तुटलेला एक कप बाहेर काढला, नळाखाली धुतला आणि पुढे धरला. बागेतल्या गड्याने वरून चहा ओतला. किटली कपाला लागू न देता. पिऊन झाल्यावर बापाने कप पुन्हा धुतला आणि त्याच फटीत ठेवला. नळाजवळचा तो गडगा त्यानेच रचलेला होता. स्वतःच्या कपाची जागासुद्धा त्यानेच बांधलेली.

आणि मी बघत होते. काचेचा ग्लास हातात धरून.

आम्ही चाळीस जण होतो. सिव्हिलचा पाच वर्षांचा कोर्स, बी.टेक. आणि एम.टेक. एकत्र. माझं चौथं वर्ष. बागायतदार आमच्या सरांच्या ओळखीचे. रस्त्याकडचा जुना गडगा काढून तिथे पक्की भिंत घालायची होती, म्हणून सरांनी साइट व्हिजिट तिथेच काढली. गडगा म्हणजे चिरे, जांभ्या दगडाचे ठोकळे, नुसते एकावर एक बसवायचे. सिमेंट नाही, काही नाही. वरच्या बागेची माती तो वर्षानुवर्षं अडवून धरतो.

रस्त्याकडचा गडगाही बापानेच रचलेला. सरांनी त्याला बोटाने बोलावलं. बाप पन्नाशी ओलांडलेला, सर जेमतेम चाळीसचे.

"काय रे, कुठे शिकलास हे?"

बाप म्हणाला, असंच, बघून बघून. पोरं हसली. सरही हसले आणि माझ्याकडे वळले. वर्गात मी पहिल्या तिघांत. मला म्हणाले, तू सांग, यात काय काय चुकलंय.

सरांना माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. हॉस्टेलवर मी सांगून ठेवलं होतं, वडील कन्स्ट्रक्शन लाइनमध्ये आहेत. आमच्या बौद्धवाडीचं नाव तर चार वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं, गावाचं नाव सांगून गप्प बसायचे. त्या दिवशी तोंड उघडायची संधी समोर उभी होती, डोक्याला टॉवेल गुंडाळून. मी चुका सांगितल्या. घडाघडा. सांधे भरलेले नाहीत, पायाचं गणित नाही, उंचीला रुंदी पुरत नाही. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी पुढे म्हणाले, "आणि यांना लेव्हलही कळत नाही."

हे कुणी विचारलं नव्हतं. माझ्या पदरचं होतं ते. टाळी पडावी म्हणून.

बापाने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग मान खाली घालून म्हणाला, "व्हय म्याडम. चुकलं आसंल."

त्याने मला सांभाळून घेतलं. चाळीस पोरांसमोर माझं खोटं त्याने उचलून धरलं, आणि मला काय वाटलं? हायसं वाटलं. लाज नंतर आली. आधी सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण ते तसंच होतं.

नव्या भिंतीचं ड्रॉइंग सरांनी माझ्याकडे दिलं. चिऱ्याची भिंत, सिमेंटमध्ये बांधलेली, वर गिलावा, वर पांढरा रंग. मागच्या मातीत मुरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून अशा भिंतीत भोकं ठेवतात. मी ठेवली होती. तीन रांगा. बागायतदार म्हणाले, भोकातून तांबडं पाणी ओघळणार, पांढऱ्या भिंतीवर डाग दिसणार, रस्त्यावरून जाणारे येणारे बघणार. सर मला म्हणाले, काढून टाक. मी काढून टाकली. पुस्तकात काय लिहिलंय ते मला पाठ होतं. तरी काढली. सरांशी वाद घालून मला पाचवं वर्ष काढायचं नव्हतं.

बांधायचं काम बापालाच मिळालं. त्या शनिवारी मी घरी गेले तेव्हा त्याने तो कागद पुढ्यात घेतला. त्याला इंग्रजी येत नाही, पण रेषा कळतात. बराच वेळ बघून म्हणाला, "पाण्याला वाट ठेवलीस नाय गो बाय."

मी म्हणाले, "बाबा, तुला काय कळतंय त्यातलं?"

आई चुलीपाशी होती. तिचा हात थांबला. बाबाने कागद नीट घडी करून माझ्या बॅगेत ठेवला आणि भिंत माझ्या ड्रॉइंगप्रमाणे बांधली. इंचाचा फरक नाही. लेव्हल तर अशी की आमच्या वर्गातल्या कुणाला जमली नसती.

पाऊस महिनाभर लागून राहिला आणि भिंत फुगली. आधी पोट आलं, मग मधला तुकडा रस्त्यावर आला. कुणाला लागलं नाही, एवढं नशीब. सर पाहणीला गेले, मला घेऊन गेले. बापाला आधीच बोलावून उभं केलं होतं. बागायतदार रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जाईल असं बोलत होते. या लोकांना काम दिलं की हेच होणार, म्हणाले. पुन्हा माझ्या बागेच्या आसपास दिसायचं नाही, म्हणाले. बापाला उत्तर माहीत होतं आणि ते माझ्या बॅगेत होतं.

मी वहीत लिहिलं: कामाचा दर्जा निकृष्ट.

त्यानंतर आजूबाजूच्या बागांतून त्याला बोलावणं यायचं थांबलं. तीस वर्षं ज्याच्या गडग्याचा एक चिरा हलला नाही, त्याला लोक भिंत पाडणारा गवंडी म्हणायला लागले. तो मग मिरजोळ्याला एका शेडच्या बांधकामावर मजुरीला जायला लागला. दुसऱ्याच्या हाताखाली. घमेली वाहायला.

मी पाचव्या वर्षी त्याच भिंतीवर प्रबंध लिहिला. सरांचीच कल्पना. विषय आयता आहे, म्हणाले. निष्कर्ष असा की अकुशल गवंड्यामुळे भिंत कोसळली. सरांना प्रकरण फार आवडलं. बाइंडिंग झालेली एक प्रत मी घरी नेली, कशाला नेली देव जाणे. दाखवायचीच हौस.

बाबाने हात धुतले, लुंगीला पुसले आणि पुस्तक मांडीवर घेतलं. पानं उलटता उलटता भिंतीचा फोटो आला. तो खूश झाला. त्याला वाटलं, भिंत पडली तरी पोरीने पुस्तकात घेतली. मग विचारलं, "माजं नाव आलंय काय गो यात?"

मी हो म्हणाले.

"कुटं? दाखव."

आता काय दाखवणार? फोटोखालच्या ओळीत इंग्रजीत मेसन असा शब्द होता. मी त्याच्यावर बोट ठेवलं. मेसन म्हणजे गवंडी, म्हटलं. म्हणजे तूच. त्याने माझं बोट बाजूला करून तिथे आपलं बोट ठेवलं. सिमेंटने खाल्लेलं, नख अर्धं गेलेलं. आईला हाक मारली, बघ म्हणाला, बायनं माका पुस्तकात घातलान. शेजारच्या काकीला बोलावून तिलाही ती ओळ दाखवली. त्या ओळीत लिहिलं होतं की हा माणूस अडाणी आहे, त्याला काम येत नाही, आणि तो त्याच ओळीवरून बोट फिरवत होता. काकी मला म्हणाली, बापाचं नाव काढलंस हो.

तोंडी परीक्षेला बाहेरगावहून एक परीक्षक आले होते. म्हातारे, शांत. फोटो बघून त्यांनी एकच विचारलं, भिंतीत पाणी निघायला जागा का नाही? मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "होती. गवंड्याने बुजवली."

बस्स. इथे मला बापाचं ते बोट दिसलं.

मी म्हणाले, "भोकं बुजवली नाहीत. ड्रॉइंगमध्येच नव्हती. ड्रॉइंग माझं आहे. गवंडी माझा बाप आहे, आणि त्याने मला आधीच सांगितलं होतं."

शौर्य वगैरे काही नव्हतं त्यात. परीक्षकांनी चष्मा काढला. सरांचा चेहरा लाल झाला. निकाल राखून ठेवला. नंतर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. म्हणाले, प्रबंध आहे तसा ठेव, मी परीक्षकांशी बोलतो, पंधरा दिवसांत डिग्री हातात. नाहीतर बसशील वर्षभर. मी म्हणाले, प्रकरण नव्याने लिहिते. तेव्हा ते बोलले.

"कोट्यातून आत आलीस. बाहेर तरी नीट पड."

पाच वर्षं हे वाक्य कुणी बोलू नये म्हणून मी धडपडले होते. बापाला नाकारलं, वाडी लपवली, भोकं काढली. एवढं करून ते वाक्य आलंच. ते येणारच होतं. मी फुकट विकली गेले होते.

घरी जाऊन मी बाबाला सगळं सांगितलं. मेसनच्या आधी कुठला शब्द होता तेही. वाटलं होतं तो ओरडेल, किंवा जाऊ दे म्हणून डोक्यावरून हात फिरवेल. दोन्ही नाही. बाहेर पायरीवर जाऊन बसला. तिथूनच बोलला.

"माका कशाला सांगतंस? मी तिथंच व्हतो. ज्यांच्याम्होरं बोललीस त्यांना जाऊन सांग."

त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. आई म्हणते माफी माग. माफी मागून मी मोकळी होईन, तो मोकळा होणार नाही. बागांमधून त्याला अजून बोलावणं नाही.

प्रबंधाची ती ओळ मी खोडली आहे. नव्या ओळीत त्याचं पूर्ण नाव आहे, त्याने दिलेला इशारा आहे, आणि चूक कुणाची ते आहे. तेच मराठीतही लिहून काढलंय. वर्गाच्या ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी वाचलं, कुणी काही लिहिलं नाही. रविवारी पावसला जाणार आहे. एकटी. त्या बागायतदारासमोर, रस्त्यावरची माणसं ऐकतील असं, मोठ्याने वाचणार आहे. मग शेजारची बाग, मग तिच्या पुढची. ज्या ज्या बागेत बाबाचा गडगा उभा आहे, तिथे तिथे. चहा विचारला तर घेणार नाही. नळाजवळच्या गडग्यातला तो कप मात्र काढून घेऊन येणार आहे, माझ्या बापाचा आहे तो.

डिग्री वर्षाने येईल, नाहीतर येणार नाही. सही मी नव्या पानावरच करणार.